'घरी नेट आहे का?' 'हो.' झाला सर्व्हे?

पेन_संपलेला_स्वयंसेवक (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात एका संस्थेसाठी (नाव मुद्दाम देत नाही, माणसं चांगली आहेत) हडपसरकडच्या पुनर्वसन इमारतींमध्ये सर्व्हे करायला गेलो होतो. झोपडपट्टीतून उचलून सात मजली बिल्डिंगीत आणलेली कुटुंबं, २६९ चौरस फुटाचं घर, आणि आमच्या हातात टॅब. त्यात चौथा प्रश्न: घरी इंटरनेट आहे का? हो किंवा नाही. मी दिवसभर 'हो'वर टिचक्या मारल्या आणि रात्री जेवताना माझं मलाच कळेना की मी नेमकं काय मोजून आलोय.

एक घर सांगतो. सकाळी साडेअकरा, दारात एक ताई, हाताला पीठ. "नेट? आहे की, जिओ आहे." कुठंय फोन? "मालकांकडं, ते ड्युटीवर गेलेत." मालक वॉचमन, बारा तासांची ड्युटी, म्हणजे सकाळी आठला नेट घराबाहेर पडतं आणि रात्री नऊला घरी येतं. मुलगी दहावीला. तिला व्हिडिओ बघायचा असेल तर बाप जेवून आडवा झाल्यावर, तेही दिवसाच्या दीड जीबीतलं काही उरलं असेल तर. फॉर्मवर: हो. शेजारच्या घरात तीन दिवसांपूर्वी रिचार्ज संपलाय, तारीख २४, पगार सात तारखेला, तेव्हा मारणार. पण सिम आहे, फोन आहे, म्हणून तो माणूसही म्हणाला "आहे". फॉर्मवर: हो. आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधल्या जिन्यात एक पोरगा पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता, कारण बिल्डिंगी एकमेकींना इतक्या खेटून आहेत की त्याच्या खोलीत रेंजच येत नाही, जिन्यातल्या जाळीपाशी येते. त्याचंही घर 'हो'.

माझं म्हणणं एवढंच की असले हो-नाही सर्व्हे बंद करा, नाहीतर संध्याकाळी सातनंतर जाऊन घरातल्या प्रत्येक माणसाला वेगवेगळं विचारा. कारण हा 'हो' उद्या कुणाच्या तरी टेबलावर जाणार आणि तो म्हणणार, अरे इथं तर सगळ्यांकडे नेट आहे, पुढची फाईल आणा.

खडूस_पेन्शनर

काय राव तुम्ही लोक. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं तेव्हापासून या देशात भाजीपेक्षा डेटा स्वस्त झालाय. आमच्या गल्लीत कचरा घ्यायला येणाऱ्या बाईकडे माझ्यापेक्षा चांगला फोन आहे. तुम्ही त्या बिल्डिंगीत जाऊन नेट आहे का विचारता, लिफ्ट चालू आहे का विचारलंत? पाणी किती वाजता येतं विचारलंत? सहाव्या मजल्यावरच्या म्हातारीला खाली उतरता येत नाही आणि हे निघालेत रेंज मोजायला. ज्याला रील बघायचंय तो बघतोच आहे.

पेन_संपलेला_स्वयंसेवक

काका, लिफ्ट बंदच होती, सात मजले चढूनच फॉर्म भरलेत, गुडघे अजून बोलतायत. पण स्वस्त म्हणता ते एका फोनपुरतं. जुलै २०२४ मध्ये जिओचे दर वाढले तेव्हा दिवसाला दीड जीबीवाला २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ झाला. घरात तीन फोन असतील तर २८ दिवसांचे ८९७. त्याच घरात ३९९ चं फायबर घेतलं तर १८ टक्के जीएसटी धरून ४७१ रुपये, आणि अख्खं घर वापरणार. म्हणजे कोथरूडच्या टू बीएचकेत माणशी जेवढा खर्च येतो त्याच्यापेक्षा जास्त हे लोक भरतात आणि मिळतं कमी. आता म्हणाल मग फायबर घ्या की. एकरकमी ४७१ कुठून आणायचे, आणि बाहेर कामावर असताना फोन तर लागतोच, म्हणजे तो रिचार्ज सुटत नाहीच.

खडूस_पेन्शनर

कचरेवाल्या बाईच्या फोनचं उत्तर दिलं नाहीत.

लाइनवाला_पोरगा

मी फायबर ओढायचं काम करतो, हडपसर-मुंढवा साइड, म्हणून बोलतो. ४७१ हा कागदावरचा आकडा आहे. असल्या बिल्डिंगीत आम्ही महिन्याचं कनेक्शन देतच नाही, सहा महिन्यांचे पैसे आधी घेतो, तेव्हा राउटर आणि जोडणी फुकट. का? कारण महिन्यामहिन्याने दिलं की तिसऱ्या महिन्यात बंद पडतं आणि मग तो डबा परत आणायला माझे चार हेलपाटे. त्यात डक्टमध्ये (वायरी-पाइपांचा उभा बोगदा) उंदीर वायर खातात, गच्चीला कुलूप, चावी कुणाकडे तर चेअरमनकडे, आणि काही ठिकाणी चेअरमनने एकाच केबलवाल्याला आत सोडलेलं असतं, का ते तुम्ही समजून घ्या.

पण धागाकर्त्याला एक उलटी गोष्ट सांगतो. तुमचा 'हो' खोटा आहे तसा तुमचा 'नाही' पण खोटा आहे. एका घरात राउटर असतो आणि पासवर्ड भिंतीपलीकडच्या तीन घरांत असतो, दीड-दीडशे वाटून घेतात. ती बाकीची घरं तुम्हाला सांगणार 'नाही', कारण खरं सांगितलं तर मूळ घरवाल्याचं कनेक्शन जाईल अशी भीती. मला माहितीये, मी बघून न बघितल्यासारखं करतो.

आकडेमोड

दहा-बारा वर्षं घरोघरी सर्व्हेचं काम केलंय त्यामुळे धागाकर्त्याशी असहमत. तुमचा प्रश्न चुकलेला नाही, तुम्हाला ट्रेनिंग दिलेलं नाही.

'घरात इंटरनेट' याची जगभर वापरली जाणारी व्याख्या आयटीयूची आहे, संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था. त्यात सरळ म्हटलंय की ते घरातल्या सगळ्या सदस्यांना कधीही वापरायला उपलब्ध पाहिजे. बापाच्या खिशातून हडपसरहून मगरपट्ट्याला जाणारं नेट या व्याख्येत घराचं नेट नाहीच. तुम्ही तिथं 'नाही' लिहायला हवं होतं. दोष प्रश्नाचा नाही, टॅब हातात देऊन "सोप्पं आहे, मारत जा" म्हणणाऱ्याचा आहे.

आणि 'बंद करा' म्हणणं तर सगळ्यात वाईट. २०११ च्या जनगणनेत प्रश्न काय होता? कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप आहे का, इंटरनेटसह की इंटरनेटशिवाय. म्हणजे नेट असायचं तर कॉम्प्युटरच पाहिजे, आणि देशात अशी घरं निघाली ३.१ टक्के. २०१७-१८ च्या एनएसएसच्या (सरकारी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण) ७५ व्या फेरीत फोनही धरला, तर शहरी भागात ४२ टक्के घरं. प्रश्न बदलला की आकडा कुठल्या कुठं जातो. प्रत्येकाने आपापल्या संवेदनशीलतेप्रमाणे नवा प्रश्न बनवला तर हडपसरचा आकडा येरवड्याशी लावता येणार नाही, मागच्या वर्षाशी तर नाहीच. माणसागणिक विचारा म्हणणं सोपं आहे, पाच माणसांच्या घरात ते चाळीस मिनिटांचं काम होतं, आणि विसाव्या मिनिटाला ताई म्हणते, "दादा, दूध उतू जातंय."

पेन_संपलेला_स्वयंसेवक

व्याख्या मान्य. पण मग एनएफएचएस (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) माणसागणिक विचारतंच ना? २०१९-२१ च्या फेरीत "कधी तरी इंटरनेट वापरलंय का" असं बाईला वेगळं आणि पुरुषाला वेगळं विचारलं, शहरी भारतात पुरुष ७२.५ टक्के आणि बायका ५१.८. घराला एकच प्रश्न विचारला असता तर हे अंतर दिसलंच नसतं.

आकडेमोड

तो आरोग्याचा सर्व्हे आहे, त्यांना बाईची मुलाखत तशीही घ्यायचीच असते, त्यात एक प्रश्न बसवला. तुमच्या संस्थेकडे तेवढी माणसं आहेत का? "कधी तरी वापरलंय" म्हणजे आयुष्यात एकदा भाच्याच्या फोनवर नवऱ्याला व्हिडिओ कॉल केला तरी हो. त्यातही तुमचाच प्रॉब्लेम आहे.

सॅन_होजे_व्हाया_सदाशिव

इकडचं सांगतो, अवांतर वाटलं तर सोडून द्या. अमेरिकेत सरकारी घरांमध्ये राहणाऱ्यांच्या नेटचा विषय बराच जुना आहे, २०१५ मध्ये त्यांच्या गृहनिर्माण खात्याने कनेक्टहोम नावाचं काम २७ शहरांत सुरू केलं. जनगणनावाल्यांच्या वार्षिक सर्व्हेत मोबाईल डेटा वेगळा आणि केबल-फायबर वेगळं असं विचारतात, त्यामुळे 'नुसत्या फोनवर चाललेली घरं' वेगळी काढता येतात. आणि म्हणूनच पुढे गरीब घरांना महिन्याला ३० डॉलरपर्यंत सूट देणारी योजना आली तेव्हा कुणाला काय पाहिजे याचा अंदाज होता. जवळपास २ कोटी ३० लाख घरं त्यात आली. मग पैसे संपले आणि १ जून २०२४ ला योजना बंद. म्हणजे मोजणी उत्तम होती, तरी बंदच पडली.

आणि हो, इथं एका ठिकाणी घरी नेट आहे का याचा सर्व्हे ऑनलाइन फॉर्मवर घेतलेला मी स्वतः बघितलाय.

खडूस_पेन्शनर

अमेरिका आली का धाग्यात? चला, आता शंभर प्रतिसाद नक्की.

चौथा_मजला_सी_विंग

मी असल्याच बिल्डिंगीत राहते, तुमचीच ती नसेल पण सगळ्या सारख्याच. बीकॉम झालेय, एका ऑफिसात डेटा एंट्रीला आहे. वाचत होते, गप्प बसणार होते पण राहवलं नाही.

दादा, तुम्हाला 'हो' का मिळालं याचं खरं कारण तुमच्या एकाही प्रतिसादात नाहीये. आमच्याकडे 'सर्व्हे' हा शब्द उच्चारला की पोटात गोळा येतो. सर्व्हे म्हणजे पुनर्वसनाच्या घराला पात्र की अपात्र. माझ्या आजीने झोपडी १ जानेवारी २००० च्या आधीची असल्याचा पुरावा दाखवायला जुनी लाइट बिलं पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती, घर मिळून इतकी वर्षं झाली तरी तो डबा फेकू देत नाही. टॅब घेऊन, गळ्यात आयकार्ड घालून कुणी दारात आलं की आधी बघतात कोण राहतंय, नावावर कोण आहे, भाडेकरू तर नाही ना. आमच्या मजल्यावर दोन घरं भाड्याने आहेत, त्यांनी तर दारच उघडलं नसेल, बघा तुमच्या यादीत 'कुलूप' किती आहेत. जे उघडतात ते लवकर सुटका होईल असं उत्तर देतात. 'नाही' म्हणलं की पुढचे चार प्रश्न येतात, का नाही, परवडत नाही का, उत्पन्न किती. 'हो' म्हणलं की तुम्ही जाता.

आणि लाजही असते हो. पोरीच्या शाळेतले सगळे निरोप व्हॉट्सअॅपवर येतात, त्या आईने अनोळखी माणसाला सांगायचं की माझ्याकडे नेट नाही?

काका, तुम्हाला पण एक. लिफ्ट की नेट असं का लावताय? लाडकी बहीणचं केवायसी ऑनलाइन, आरटीईचा प्रवेश ऑनलाइन, अकरावीचा प्रवेश ऑनलाइन, पोरांची स्कॉलरशिप ऑनलाइन. ओटीपी येणार मालकांच्या फोनवर आणि ते ड्युटीवर. मग खाली फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात पन्नास-शंभर द्यायचे, वेबसाइट चालली नाही तर दुसऱ्या दिवशी परत जायचं, म्हणजे कामाचा खाडा. लिफ्ट बंद, म्हणून सात मजले पायी उतरून. दोन्ही एकाच बाईच्या डोक्यावर आहे.

खडूस_पेन्शनर

ताई, केवायसीचं मान्य. माझी पेन्शनसुद्धा त्या हयातीच्या दाखल्यावर अडकते, नातू अॅपवर चेहरा दाखवून करून देतो. नातू नसता तर मीही त्या दुकानात असतो. पण रील्सचं माझं मत तेच आहे.

लाइनवाला_पोरगा

काका रील्स बघणाऱ्यांवरच माझं पोट आहे, असं नका बोलू 😄

पेन_संपलेला_स्वयंसेवक

ताई, कुलूपवाली घरं आम्ही सरळ सोडून शेजारचं दार वाजवलं. तसंच सांगितलं होतं. आता वाचून कसंतरी होतंय.

बंद करा हे माझं म्हणणं मागे घेतो. आकडेमोड, असं चालेल का: व्याख्येवाला प्रश्न तसाच ठेवायचा, तुलनेसाठी. त्याच्यानंतर फक्त एक जास्तीचा: "काल या घरात नेट कुणी कुणी वापरलं, कुठल्या फोनवर?" मत नाही, पैसे नाही, उत्पन्न नाही. आणि टॅब नाही, साधी वही.

आकडेमोड

'काल' घातलं की २४ तारखेला एक उत्तर येईल आणि ८ तारखेला वेगळं.

पेन_संपलेला_स्वयंसेवक

तेच तर पाहिजे ना! त्याच घरांत महिनाअखेरीला एकदा आणि पगारानंतर एकदा जायचं.

आकडेमोड

हम्म. दोन फेऱ्या म्हणजे खर्च दुप्पट, पण घरं निम्मी घेतलीत तर जमेल. वहीचं पटत नाही, एंट्री करताना चुका होतात. कुलूप असलेल्या घरांत निदान तीनदा जा, शेजारचं दार वाजवणं हा गुन्हा आहे, माझ्याकडे कामाला असता तर घरी पाठवलं असतं. आणि सातनंतरचा हट्ट सोडा, तेव्हा पुरुष घरी असतो आणि सगळ्यांच्या वतीने तोच बोलतो.

चौथा_मजला_सी_विंग

एंट्री मी करून देईन, रोज तेच करते. बायकांशी बोलायचं तर दुपारी तीन ते साडेचार, धुण्याभांड्याची कामं करून आलेल्या असतात आणि पाणी यायला वेळ असतो. एखादी बाई सोबत आणा, आणि दारात उभं राहून 'सर्व्हे' हा शब्द काढू नका. गुरुवारी येऊ नका, पाणी बंद असतं, आणि शुक्रवारी कमी दाबाने येतं त्यामुळे सगळ्या खाली टाकीपाशी. बुधवार बघा.