मदत हवी आहे: पुण्याहून अंबाल्यापर्यंत बुलेट स्वस्तात कशी पाठवावी?

नमस्कार मंडळी,

जुलैमध्ये मनाली-लेह करायचंय. पुणे ते अंबाला गाडी चालवत जायला सुट्टी नाही (आणि खरं सांगायचं तर कंबरही नाही). गाडी क्लासिक ३५०, आरसी माझ्याच नावावर, विमा आणि पीयूसी चालू.

झेलम एक्सप्रेसचं माझं अंबाला कँटपर्यंतचं स्लीपर तिकीट कन्फर्म आहे. पार्सल ऑफिसात जाऊन आलो. आरसी आणि आधारची झेरॉक्स, टाकी पूर्ण रिकामी, गोणपाटात पॅकिंग, एवढं कळलं. पण 'गाडी त्याच ट्रेनने जाईल ना?' म्हटलं की 'जागा असेल तर' एवढंच उत्तर. दोन खाजगी ट्रान्सपोर्टवाल्यांनाही विचारलं. एकाने सांगितलेला आकडा माझ्या अख्ख्या ट्रिपच्या पेट्रोलपेक्षा जास्त, दुसरा पोचायची तारीखच सांगेना. भाड्याची बाईक नको, लडाखमध्ये बाहेरच्या भाड्याच्या गाड्या अडवतात.

अंबाल्यात फार तर एक दिवस थांबू शकतो.

अलीकडे कुणी पुण्याहून उत्तरेकडे गाडी पाठवली आहे का? तिकिटावर लगेज म्हणून बुक केली तर खरंच सोबत पोचते, की आठवडाभर आधी पार्सलने पाठवून अंबाल्यात विलंब शुल्क भरलेलं परवडतं?