व्हायोलिन ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याचं आयुष्य कसं असतं?

निपाणीकर:
मुलगी ११ वर्षांची आहे. चार वर्षं मांडी घालून हिंदुस्तानी व्हायोलिन शिकतेय. परवा मोबाइलवर सिम्फनी, म्हणजे मोठ्या पाश्चात्य वाद्यवृंदाची रचना, बघितली आणि "मला त्या रांगेत बसायचंय" म्हणून हटून बसलीय. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीतला गाण्यांचा कार्यक्रम. घरच्यांना काय सांगू? जन्मभर असं वाजवलेलं कोणी आहे का इथं?

टिळकवाडीचे काका:
आहे की. मी मूळचा बेळगावातल्या शहापूरचा. कॅम्पातल्या एका गोवेकर मास्तरांकडे शिकलो, २१व्या वर्षी मुंबई गाठली आणि ३४ वर्षं रांगेतच बसलो. दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग, जमेल तेव्हा संध्याकाळी सिम्फनीच्या तालमी.

सुरांचे कागद ठेवलेल्या एका स्टँडसमोर दोघं बसतात. बाहेरचा, म्हणजे श्रोत्यांकडचा, वाजवत राहतो, आतला पान उलटतो. मी १९ वर्षं आतला होतो, आणि तीच माझी सगळ्यात चांगली वर्षं. शेजाऱ्याच्या श्वासावरून गज कधी उचलायचा ते कळायचं. गज वर की खाली, हे लीडर ठरवतो. आपण ते पेन्सिलीनं कागदावर मांडून घ्यायचं.

शूबर्ट या संगीतकाराची १८२२ सालची अपूर्ण सिम्फनी तिला ऐकवा. सुरुवातीला चेलो आणि डबल बास, मग व्हायोलिनं आत येतात ती नुसती कुजबुजत. चाल ओबो-क्लॅरिनेट या फुंकून वाजवायच्या वाद्यांकडे असते. एवढं हळू, एवढं सारखं वाजवायला मला दहा वर्षं लागली. तिथं आपलं व्हायोलिन वेगळं ऐकू आलं तर चुकलंच समजायचं. आपल्याकडची मींड, कण, सगळं घरी ठेवून जायचं. सुरुवातीला मला त्याचा फार त्रास झाला. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं गाणं कानात, आणि हात मात्र साठ जणांसारखा चालवायचा.

नव्यानव्यात एका रेकॉर्डिंगला विराम मोजायला चुकलो आणि एकटाच वाजलो. सगळ्यांना पुन्हा वाजवावं लागलं. कोणी बोललं नाही, पण त्यानंतर विराम मी पायाच्या अंगठ्यानं मोजत आलो.

पुढं सिंथेसायझर आला आणि स्टुडिओतल्या रांगा उठल्या, हेही घरच्यांना सांगा. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. मी बेळगावला परतल्यावर वर्षभरात, २००६ मध्ये, मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, पण तिथंही बरेच वादक बाहेरदेशातून येतात. नोकरी मिळेल अशी खात्री मी देणार नाही.

आता सकाळी इथल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फिरतो आणि जुनी व्हायोलिनं दुरुस्त करतो.

खानापूरकर:
काका, आजोबांच्या व्हायोलिनचं पोट पावसात कडेनं उसवलंय. फेकून द्यायचं काय?

टिळकवाडीचे काका:
फेकू नका हो! तो जोड सरसाचा असतो, मुद्दाम कच्चा. दमटपणात लाकूड फुगलं की जोड सुटतो म्हणून फळी फुटत नाही. सुताराचा पांढरा गोंद अजिबात लावू नका, पुढं उघडताना लाकूडच निघून येतं. तारा थोड्या सैल करा, पण सगळ्या एकदम काढू नका, आतली काठी पडेल. खानापूरच्या पावसात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवत जा.

निपाणीकर:
बसण्याची पद्धत बदलली तर आधीचं शिक्षण वाया जाईल काय? आणि तिची करंगळी चौथ्या सुराला पोचत नाही.

टिळकवाडीचे काका:
वाया कसं जाईल? कान तयार आहे, तो कुणी काढून घेत नाही. फक्त तिचं व्हायोलिन षड्ज-पंचमात लावलेलं असेल, इथं चार तारा जी-डी-ए-ई या सुरांत लावतात. मांडीवरून हनुवटीखाली यायला सहा महिने धरा. मान दुखली तर त्या दिवशी थांबायचं. करंगळीचं म्हणाल, तर व्हायोलिन मोठं पडत असणार. हनुवटीखाली धरून तिला डावा हात लांब करायला सांगा. टोकाचा वळसा तळव्यात यायला हवा, आणि कोपर थोडं वाकलेलं राहायला हवं. ताणावं लागत असेल तर पाऊण मापाचं घ्या, आणि आधी भाड्यानं मिळतंय का ते बघा.