विवाल्डीचा दोन चेलोंचा लार्गो: सा पांढरी पाच की काळी तीन?

षड्जवेडी:
मंडळी, विवाल्डी या जुन्या इटालियन संगीतकाराचा जी मायनरमधला दोन चेलोंचा (चेलो म्हणजे व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ) कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्रासोबतची रचना, आहे ना, यादीतला क्रमांक आरव्ही ५३१, त्यातली मधली संथ मूव्हमेंट (भाग), लार्गो, सध्या रोज ऐकतेय आणि सुटतच नाहीये डोक्यातून. माझं शिक्षण सगळं पेटी आणि ख्यालाचं, स्टाफ नोटेशन वाचता येत नाही, म्हणून आपल्याच भाषेत विचारते. जी मायनर म्हणजे सा पांढरी पाच (पेटीवरची जीची पट्टी) हवा, बरोबर? एका रेकॉर्डिंगमध्ये तसाच लागतो, पण दुसऱ्यात पेटी लावून बघितली तर स्वच्छ काळी तीन! दुसरं म्हणजे लय, कुणी साडेतीन मिनिटांत संपवतंय कुणी साडेचारच्या पुढे नेतंय, मग मूळ लय कुठली धरायची? आणि स्वर कीरवाणी रागासारखे वाटतात पण मध्येच कोमल नी पण येतो. एवढं आत जाऊन लागतं ते सुरामुळे की लयीमुळे, कुणी नीट सांगेल का?

खर्जातला:
सुराचं सोपं आहे. दोन्ही रेकॉर्डिंग जी मायनरच वाजवतायत, फक्त त्यांचा ए, म्हणजे वाद्यं ज्याला धरून लावतात तो स्वर, वेगळा आहे. आजचा ए ४४० हर्ट्झला, आणि जुन्या पद्धतीने वाजवणारे ग्रुप, म्हणजे आतड्याच्या तारा, बरोक (विवाल्डीच्या काळातला) बो, चेलोला खाली टेकवायची दांडी नाही, पिंडऱ्यांमध्ये धरलेला, हे लोक बहुतेक ४१५ ला लावतात, म्हणजे बरोबर अर्धा सूर खाली, म्हणून तुमची काळी तीन. पण गंमत बघा, ४१५ हा आजच्या वादकांनी सोयीसाठी ठरवलेला आकडा आहे. त्या काळी गावोगाव सूर वेगळा असायचा, रोममध्ये बराच खाली आणि व्हेनिसमध्ये ४४० च्या आसपास. विवाल्डी व्हेनिसचा, १७०३ पासून तिथल्या पिएताच्या अनाथालयात मुलींना व्हायोलिन शिकवायचा, त्यामुळे त्याच्या कानात तुमच्या पांढरी पाचच्या जवळचंच काहीतरी असणार.

मात्रा_मोजणारा:
लयीबद्दल. लयीचे ठोके देणाऱ्या मेट्रोनोम यंत्राचं पेटंट १८१५ चं, विवाल्डी गेला १७४१ ला. म्हणजे लार्गो लिहिल्यावर त्यापुढे आकडा टाकायची सोयच नव्हती. क्वान्ट्झ नावाच्या बासरीवादकाने १७५२ मध्ये लय मोजायला माणसाची नाडी वापरा असं लिहिलं, मिनिटाला साधारण ८० ठोके धरून, पण तो जर्मनीत बसून आणि विवाल्डी गेल्यानंतर लिहीत होता, ते जसंच्या तसं इथे लावू नका. लार्गो म्हणजे अतिविलंबित असं समजून काही लोक इतकं ओढतात की एका चेलोचं वाक्य संपायच्या आत ते कुठून सुरू झालं हेच विसरायला होतं. माझा निकष साधा, पहिल्या चेलोचं वाक्य एका दमात गाता आलं पाहिजे. तुम्ही गाता ना, गाऊन बघा, जिथे दम पुरतो ती लय मला पटते.

षड्जवेडी:
गाऊन बघितलं, खरंच साडेतीनवालंच गाता येतं! आणि ४१५ चं माहीतच नव्हतं, खूप आभार. पण मूडचं राहिलं अजून. जी मायनर ही पट्टीच दुःखी असते का?

दोन_निषाद:
पट्टीचा मूड ठरलेला असतो यावर तेव्हाच्या लोकांचाही विश्वास होता, पण त्यांचं आपसात जमत नव्हतं. हॅम्बुर्गच्या माटेसन नावाच्या संगीतकार-लेखकाने १७१३ मध्ये एकेका पट्टीचा स्वभाव लिहून काढला, त्यात जी मायनरला जवळजवळ सगळ्यात सुंदर म्हटलंय, गंभीर आणि गोड दोन्ही, नुसतं रडकं नाही. मला तरी या लार्गोबद्दल ते पटतं. आता कीरवाणीचं, आरोहात सा कडे चढताना शुद्ध नी घ्यायचा आणि उतरताना कोमल नी कोमल ध, ही मायनरची नेहमीची चाल आहे, म्हणून तुम्हाला कधी कीरवाणी कधी आसावरी थाट ऐकू येतो. पण एका रागात बसवायला जाऊ नका, कारण अशा मूव्हमेंटमध्ये मधेच पंचम किंवा कोमल गंधार नवा सा होऊन बसतो आणि मग फिरून घरी यायचं असतं. तानपुरा लावून ऐकलंत तर तिथे तो भांडायला लागेल.

माझ्या मते खरं काम पट्टी पण करत नाही आणि लय पण नाही, खरं काम विवाल्डीने काय काढून टाकलं त्याचं आहे. कॉन्चेर्टोच्या दोन्ही बाजूच्या अॅलेग्रोंमध्ये (जलद भागांमध्ये) ऑर्केस्ट्रा आहे, लार्गोमध्ये व्हायोलिन, व्हायोला सगळे गप्प, उरतात फक्त दोन चेलो आणि खाली कंटिन्युओ, म्हणजे साथीला हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) किंवा थिऑर्बो (लांब मानेचं तारवाद्य) आणि बासची ओळ. वरचा उजेडच नाही. आणि दोन्ही चेलो एकाच सप्तकातले, एक बोलतो, दुसरा तेच उचलतो, आणि त्याचं सुरू असताना पहिल्याचा स्वर तसाच धरलेला राहतो, तो शेजारच्या स्वराला घासतो आणि मग हळूच खाली उतरतो. ते घासणं आणि सुटणं पुन्हा पुन्हा होतं, तेच तुम्हाला लागतंय. शिवाय संथ भाग दुसऱ्या पट्टीत नेऊन थोडी हवा द्यायची पद्धत होती, इथे तो पण जी मायनरमध्येच ठेवलाय, तिन्ही भागांत सुटका नाही.

खर्जातला:
+१. चेलोवाल्यांसाठी अजून एक. चेलोच्या मोकळ्या तारा सी, जी, डी, ए. जी मायनरमध्ये सा आणि पंचम दोन्ही मोकळ्या तारांवर, मध्यम पण आहे, त्यामुळे अख्खं वाद्य आतून गुंजतं. हेच अर्धा सूर वर सरकवून जी शार्प मायनरमध्ये वाजवायला सांगा, निम्मा आवाज गायब होईल.

षड्जवेडी:
अरे वा, म्हणजे आपण तानपुऱ्याची जवारी (तारेचा गुंजणारा नाद) म्हणतो त्याच्याजवळचं काहीतरी. आता चांगल्या हेडफोनवर ऐकणार, पहिला चेलो कुठे थांबतो आणि दुसरा कुठे घेतो ते वेगळं कळतं का बघते.

मात्रा_मोजणारा:
कळतं, बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये एक डावीकडे एक उजवीकडे ठेवलेला असतो. आणि लार्गोवरच थांबू नका, पहिला अॅलेग्रो पण ऐका, तिथे ऑर्केस्ट्राची वाट न बघता दोन चेलोच थेट सुरू करतात, विवाल्डीच्या कॉन्चेर्टोंमध्ये अशी सुरुवात फार कमी सापडते.