गोडो अन् कन्सोल
गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर (गेम इंजिन) फुकट आहे म्हणून नवीन कन्सोलवर मागं पडतं, असं काही जण म्हणतात, ते पटलं नाही. खरी अडचण एनडीएची, म्हणजे गुप्ततेच्या कराराची आहे, निन्टेन्डो-सोनीचे एसडीके (त्यांच्या कन्सोलसाठी गेम बनवायची साधनं) त्यावर सही केल्याशिवाय मिळत नाहीत अन् गोडोचा सोर्स कोड तर सगळ्यांसाठी उघडा, मग कन्सोलचा गुप्त कोड त्यात टाकणार कसा? म्हणूनच गोडोच्याच जुन्या मंडळींनी २०२२ मध्ये डब्ल्यूफोर गेम्स ही कंपनी काढली, गोडोचा गेम कन्सोलवर चालवायची सोय (पोर्ट) ते वेगळी देतात.

अन् युनिटी हे दुसरं गेम इंजिन घेतलं म्हणजे झालं असंही नाही, स्विच २ साठी आधी निन्टेन्डोची डेव्हलपर म्हणून मंजुरी लागतेच. आम्ही दोघं मित्र इथं नागपुरात गोडोवरच गेम बनवून राहिलो, कंट्रोलरचा अन् सेव्ह फाइलचा कोड पहिल्यापासून बाकी गेमपासून वेगळा ठेवलाय, कारण प्रत्येक कन्सोलचे नियम यातच वेगळे असतात. तुम्हीपण आत्ताच करून ठेवा.