आईला घेऊन बसने हिमाचलमधलं स्पिती खोरं करता येईल का? आधी मनाली की आधी किन्नौर?

रानवाट_नाशिक:
सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात १२ दिवस सुट्टी आहे, मी आणि आई (वय ५८, गुडघे ठीक, बीपीची गोळी चालू) दोघंच जाणार. गाडी भाड्याने घेणं परवडत नाही आणि खरं सांगायचं तर मला सरकारी बसनेच जायचंय. मनालीवरून काझा (स्पितीतलं मुख्य गाव) एका दिवसात होतं असं कळलं, मग तिकडूनच जाऊ का? आईला झेपेल ना एवढीच काळजी आहे.

डोंगरधुंद:
मनालीकडून आत शिरू नका, कळकळीने सांगतोय. मनाली साधारण २,००० मीटरवर आणि वाटेतली कुंझुम खिंड साडेचार हजारांच्या वर, ते सगळं एका दिवसात चढायचं आणि रात्री झोपायला परत साडेतीन हजारांच्या वर काझात. मी आणि माझा भाऊ असेच गेलो होतो, तो २९ वर्षांचा, रोज पळणारा, तरी काझात दोन रात्री उलट्या आणि डोकं धरून बसलेला, शेवटी तिथल्या सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला.
उलटं करा. सिमला, मग किन्नौरमधलं रेकाँग पिओ, वर कल्प्यात दोन रात्री (सकाळी समोर किन्नर कैलास दिसतो, आई खूश होतील), मग नाको किंवा ताबो, मग काझा. म्हणजे उंची हळूहळू वाढते आणि शरीराला सवय होते. पिओहून काझाची बस पहाटे सुटते, दोनशेच्या आसपास किलोमीटर पण दिवस जातो. तिकीट आदल्या संध्याकाळी स्टँडवर जाऊन विचारा आणि पुढच्या सीट मागा, मागे बसलात तर पाठीची वाट लागते.

सावली७२:
मी स्वतः ६१ व्या वर्षी गेले होते म्हणून लिहिते. झेपतं बाळा, फक्त घाई करू नकोस. बीपीच्या गोळ्या चार दिवसांच्या जास्त घे, आणि डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही ते आईच्या डॉक्टरांनाच विचार, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगायचं. बायकांची खरी अडचण बाथरूमची असते, ती कुणी लिहीत नाही. बस जेवायला थांबते तिथे आधी जाऊन यायचं मग जेवायचं, आणि त्या भीतीने पाणी कमी प्यायचं नाही, उंचीवर तेच अंगाशी येतं. ताबोला एक दिवस नक्की थांबा. ९९६ सालचा मठ आहे, बाहेरून साध्या मातीच्या भिंती आणि आत अंधारात चित्रंच चित्रं. टॉर्च न्या, फोटो काढू देत नाहीत. मी तिथे तासभर नुसती बसून होते.

रानवाट_नाशिक:
काकू, डोळ्यात पाणी आलं वाचून, आईला दाखवलं लगेच. म्हणजे पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने अंबाला आणि तिथून बसने सिमला असं ठरवतेय. परत मात्र कुंझुमवरूनच येऊ ना?

डोंगरधुंद:
हो, उतरताना तोच रस्ता एकदम चांगला, तोवर सवय झालेली असते. काझा-मनाली बस पण पहाटेच, आणि रस्ता चालू आहे का ते काझा स्टँडवरच विचारा कारण एक नाला भरला तरी बंद होतो, म्हणून परतीला दोन दिवस हातात ठेवा, ट्रेनचं तिकीट अगदी चिकटून काढू नका. कुंझुमला ड्रायव्हर देवीच्या देवळाला गाडीने प्रदक्षिणा घालतो, मग बातलपर्यंत नुसता उतार. बातलला राजमा-चावल खाऊन घ्या. पूल ओलांडला की छतरूपर्यंत चंद्रा नदी डाव्या हाताला राहते आणि बडा शिग्री हिमनदी पण त्याच बाजूला, पण तिच्यावर दगडमाती इतकी की पांढरं काही दिसेल असं समजू नका, पलीकडच्या काठावर राखाडी ढिगारा दिसला की तीच. आईंना डावी खिडकी द्या.

सावली७२:
आणि कानटोपी हातातल्या पिशवीत ठेव, सॅक टपावर जाते.