तिसरं पत्र कोणाचं?

भाऊ, मुलीच्या अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जाला दोन शिक्षकांच्या पत्रांवर आमदारसाहेबांचंही शिफारसपत्र जोडावं का, असं तुम्ही विचारलंय. नका जोडू. ते तिला ओळखत नाहीत, आणि वाचणाऱ्याला हे दुसऱ्या ओळीतच कळतं.

कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना एकच ऑनलाइन अर्ज जिथून करतात तिथे, इतर शिफारसदारांसाठी जागा असते, पण जास्तीची पत्रं घ्यायची की नाही हे ज्या त्या कॉलेजवर असतं. इंग्लंडच्या यूकॅसमध्ये, म्हणजे तिकडच्या विद्यापीठांच्या सामाईक अर्जात, तर एकच संदर्भपत्र चालतं.

तुम्हीच लिहिलंय की पोरगी दोन हंगाम कपाशीवरच्या बोंडअळीच्या कामगंध सापळ्यांतले (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे) पतंग मोजून वहीत नोंदवते. मग ज्या कृषी सहायकांनी ती वही पाहिली, त्यांचं पत्र घ्या ना! भर उन्हात ती कोणत्या धुऱ्यावर उभी होती, आकडा चुकला तेव्हा काय केलं, हे शिक्षकांना ठाऊक नाही. कृषी सहायकांनी मराठीत लिहिलं तर भाषांतर शाळेतल्या इंग्रजीच्या सरांकडून करवा, घरच्यांकडून नको.

एक मात्र सांभाळा. पत्र तुमच्या हाती येत नाही, लिहिणाऱ्याच्या ईमेलवर ते पाठवण्यासाठीचा दुवा जातो. लवकरच्या (‘अर्ली’) फेरीतल्या अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर, म्हणजे ऐन कापूस वेचणीत. पोळा झाला की लगेच त्यांना भेटा.