3 लाख 60 हजार किमी झालेली पिकअप: भेरूघाटात तापते, ऑइल खाते. हाफ इंजिन करावं का?

चोइथराम_फेरी:
गाडी दीड टनी डिझेल पिकअप, 2012 चं मॉडेल, 2.5 लिटर टर्बो, इंटरकूलरवाली (टर्बोची हवा थंड करणारी जाळी). खंडव्याकडून कांदा भरून इंदूरच्या चोइथराम मंडीला येताना बलवाड्यापर्यंत टेंपरेचरचा काटा मध्यावर असतो. चोरल सोडून भेरूघाट लागला की तो पाऊणच्या वर जातो, सिमरोलला पोचेपर्यंत आपोआप खाली येतो. रिकामी गाडी अजिबात तापत नाही.
इंजिन ऑइल हजार किमीला साधारण पाऊण लिटर वर घालावं लागतं. सकाळी चालू केल्यावर मिनिटभर निळा धूर, मग बंद. रेडिएटरमध्ये आजवर बोअरवेलचं पाणीच जातंय. मिस्त्री म्हणतो, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व) काढून टाकू, हाफ इंजिन करू, म्हणजे पिस्टन-रिंगा बदलू, आणि मागे कमानीत (पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये) एक पाटा वाढवू. एवढा खर्च करावा, की गाडी काढून टाकावी?

रेडिएटर_राऊ:
थर्मोस्टॅट काढू देऊ नका. तो साधारण 82 अंशाला उघडायला लागतो, आणि धड असेल तर घाटात तो पूर्ण उघडाच असतो, मग काढून मिळणार काय? उलट हिवाळ्यात इंजिन थंड राहतं, डिझेल नीट जळत नाही, ते ऑइलमध्ये उतरतं आणि सिलिंडरचा बोअर लवकर झिजतो. शंका असेल तर थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात धरून तापवा. उकळी फुटायच्या आत उघडला नाही तर नवा टाका.

फक्त चढावर तापणं आणि सपाटीला उतरणं, याचा अर्थ उष्णता बाहेर टाकायची ताकद कमी पडतेय. हेड गास्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं असतं तर रिझर्व्ह बाटलीत पाणी ढकललं गेलं असतं, गाडी पाणी प्यायली असती. तरी खात्री करा: इंजिन पूर्ण थंड असताना कॅप काढून चालू करा आणि तोंडाशी बघा. सुरुवातीचे चार बुडबुडे हवेचे असतात. ते थांबलेच नाहीत, किंवा कॅप लावून चालू केल्यावर दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर गॅस पाण्यात येतोय.

मग व्हिस्कस फॅन, म्हणजे गरम झाल्यावर आतल्या सिलिकॉन ऑइलने घट्ट धरला जाणारा पंखा. गाडी चांगली तापवून इंजिन बंद करा आणि पंखा हाताने फिरवा. जड लागला पाहिजे. झटक्यात सुटा गरगर फिरला आणि हबभोवती चिकट काळी धूळ दिसली, तर आतलं सिलिकॉन ऑइल गळून गेलंय. असा पंखा सपाटीला चालून जातो, कारण समोरून वारा मिळतो. घाटात दुसऱ्या गिअरला वारा नसतो, तिथे तो उघडा पडतो.

कांदा वाहणाऱ्या गाडीत आणखी एक जागा हमखास भरते: इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामधली फट. टरफलं आणि माती तिथे गादीसारखी बसते आणि समोरून काहीच दिसत नाही. इंटरकूलरचे बोल्ट सोडून पुढे ओढा आणि इंजिनच्या बाजूने पुढे, कमी प्रेशरने पाणी मारा. जेट जवळून मारलात तर पंख मुडपतात.

बोअरच्या पाण्याचा क्षार नळ्यांत आत बसलेला असणारच. रेडिएटर तांबं-पितळेचा असेल तर टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून क्षार काढणं) होतं. अ‍ॅल्युमिनियमचा, प्लास्टिक टाकीचा असेल तर होत नाही, कोअर बदला. नंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. कॅपही नवी घ्या, त्यावर जुन्या कॅपइतकाच प्रेशरचा आकडा हवा. स्प्रिंग बसलेल्या कॅपने पाणी लवकर उकळतं.

बोअर_पिस्टन:
ऑइलचं बोलतो. सकाळी मिनिटभर निळा धूर आणि मग साफ, हे पिस्टनच्या रिंगांपेक्षा वॉल्व सीलचं (वॉल्वच्या दांडीवर ऑइल अडवणाऱ्या रबराचं) लक्षण. रात्री ऑइल वॉल्वच्या गाइडमधून खाली झिरपतं आणि पहिल्या धक्क्याला जळतं. रिंगा गेल्या असतील तर चढावर, लोडखाली सतत निळा धूर येतो आणि ऑइल फिलरचं झाकण काढल्यावर फुसफुस धूर उसळतो. झाकण उलटं ठेवून पाहा. थरथरत राहिलं तर चालेल, उडून पडलं तर ब्लो-बाय (रिंगांजवळून खाली निसटणारा गॅस) जास्त आहे. त्याआधी ब्रीदर पाइप (इंजिनातला गॅस बाहेर सोडणारी नळी) चोंदलेला नाही ना, ते बघायचं, नाहीतर चांगल्या इंजिनावर आळ येतो.

टर्बोही तपासा. हवेचा पाइप काढून शाफ्ट बोटाने हलवा. आडवा किंचित खेळ चालतो, पुढे-मागे जाणवता कामा नये. पाइपात ऑइलचा पातळ थर असतोच, डबकं नसावं.

हे सगळं झाल्यावर कॉम्प्रेशन टेस्ट, इंजिन गरम असताना. चारही सिलिंडरमधला फरक 10 टक्क्यांच्या आत असेल तर हाफ इंजिन म्हणजे चालत्या पिस्टनवर पैसे घालणं. एकच सिलिंडर कमी असेल तर आधी टॅपेट क्लिअरन्स (वॉल्वपाशी ठेवलेली फट) आणि वॉल्व बघा.

15डब्ल्यू-40 सोडून जाड ऑइल घालू नका. धूर काही दिवस लपतो, पण थंडीत टर्बोच्या बेअरिंगला ऑइल उशिरा पोचतं.

चोइथराम_फेरी:
दोघांचे आभार. तपासून घेतलं. बुडबुडे नाहीत. पंखा गरम असतानाही सुटा फिरतो, हबवर चिकट धूळ आहे. फटीतून टरफलांचा अख्खा थर निघाला. कॉम्प्रेशन 375, 365, 380, 370 पीएसआय. टर्बोचा शाफ्ट घट्ट आहे. म्हणजे फॅन, रेडिएटर आणि वॉल्व सील एवढंच करतो. पाटा वाढवायचं काय?

कमानपाटा:
आकडे छान आहेत, हेडखालचं इंजिन उघडू नका.

पाटा वाढवण्याआधी चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) बघा. गाडी ठेवायची की विकायची हे इंजिनावरून ठरत नाही, चॅसीवरून ठरतं. मागच्या कमानीचे हँगर जिथे रिव्हेट केलेत तिथली माती खरवडा आणि तारेच्या ब्रशने घासा. रिव्हेटच्या भोकापासून निघालेली केसाएवढी चीर, किंवा रिव्हेटभोवती लालसर पावडर दिसली तर तिथे हालचाल होतेय. वरून पट्टी वेल्ड करून भागत नाही, चीर पट्टीच्या टोकाला पुन्हा निघते.

दुसरं, ब्रेक. तुमच्या गाडीला मागच्या अ‍ॅक्सलवर लोड सेन्सिंग व्हॉल्व असेल. कमान किती दबली त्यावरून तो मागच्या ब्रेकला प्रेशर देतो. पाटा वाढवला की भरलेली गाडीही कमी दबते, व्हॉल्वला वाटतं माल कमी आहे, आणि मागचा ब्रेक कमी लागतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर, तोही घाट उतरताना. त्यामुळे पाटा वाढवायचा नाही. बसलेले किंवा तुटलेले पाटे त्याच जाडीचे बदला, सेंटर बोल्ट, शॅकलचे बुश आणि यू-बोल्ट नवे टाका, आणि भरलेल्या गाडीच्या 500 किमीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा.

ड्रम उघडाल तेव्हा लायनरवर गिअर ऑइल आहे का बघा. असेल तर नुसतं सील बदलून येऊ नका. अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर मातीने बंद झाला की आत प्रेशर वाढतं आणि नवं सीलही महिन्यात गळतं. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी पूर्ण बदला. ते हवेतलं पाणी ओढतं, उतारावर ड्रम तापले की ते पाणी उकळतं आणि पेडल खाली जातं.

भेरूघाट ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरा. न्यूट्रल करून इंजिन कधीच बंद करू नका. व्हॅक्यूम पंप इंजिनावर चालतो. दोन-तीन पेडल मारले की ब्रेकला जोर देणारा बूस्टर रिकामा.

राहिला विकायचा प्रश्न. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दाखला दरवर्षी लागतोच, आणि 15 वर्षांनंतर त्याची फी बरीच वाढते. तुमची 2027 मध्ये तिथे पोचेल. चॅसी साफ निघाली तर सांगितलेली कामं करून चालवा. हँगरपाशी चीर निघाली तर मात्र वॉल्व सीलवरही पैसे घालू नका, आहे तशी काढा आणि घेणाऱ्याला ती चीर दाखवून द्या.